चिंचेपासून पुलापर्यंत

१

वही मी ठेवत होते, म्हणून चूक कोणाची हे शोधायला मला लांब जावं लागत नाही.

मी गणित शिकवते. गावात मला बाई म्हणतात, मुली ताई म्हणतात, आणि माझ्यामागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तास लावून, रेघा मारून, हिशेबाने जगणारी बाई. खोटं नाही ते. पेन्सिल बोथट झाली तरी मला चैन पडत नाही.

घटस्थापनेला आमच्याकडे गावोगावचे लोक तुळजापूरला जातात, आईच्या देवळातून ज्योत पेटवून घेतात आणि पळत गावी आणतात. अनवाणी. आमचं गाव तिथून बेचाळीस किलोमीटर. एकाला धाप लागली की दुसऱ्याने मशाल घ्यायची, पहिल्याने मागच्या टेंपोत बसायचं. ज्योत मात्र थांबू द्यायची नाही, तिने सारखं पुढेच यायचं. आजवर हे काम पोरांचं होतं. यंदा सहा मुली माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ताई, आम्ही आणतो.

मंडळाचे अध्यक्ष उत्तरेश्वर अण्णा. माणूस वाईट नाही, पण नाही म्हणायचं असलं की आधी चहा पाजतो. त्यांनी चहा पाजला.

"पोरी पळतील हो, बाई," ते म्हणाले. "पण जोत मधीच थांबली तर गावानं कुणाकडं बघायचं?"

"थांबणार नाही. दोन महिने सराव करून घेते. कोण किती पळाली, किती वेळात पळाली, रोजचं लिहून ठेवते. दर रविवारी वही तुमच्यापुढे ठेवीन. तुम्हाला पटलं नाही तर पोरांना पाठवा."

अण्णांनी बशी खाली ठेवली आणि मान हलवली. सगळं त्या वहीवर ठरलं होतं, हे इथेच सांगून ठेवते.

सहांपैकी एक माझी बहीण शिवांजली. वीस वर्षांची, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. बाबा उमरग्याहून हैदराबादला ट्रक नेतात, आई दिवसभर शेतात, त्यामुळे शिवूला मीच वाढवली. तिची पहिली वेणी मी घातली, पाटीवर तिचा हात धरून पहिला एक मी काढला. पळण्यात ती सहांत सगळ्यात मागे होती. एक किलोमीटरला साडेसहा मिनिटं घ्यायची आणि आल्यावर पोट धरून बसायची. पण हौस तिलाच सगळ्यात जास्त होती.

२

सराव सकाळी सहाला, फाट्यापासून गावच्या वेशीपर्यंत. बरोबर सहा किलोमीटर, सहा मुली, प्रत्येकीला एक. टेंपोवाला प्रत्येकीला तिच्या जागी उतरवत जायचा. मशालीच्या ऐवजी तेवढ्याच वजनाची काठी. प्रत्येकीच्या मनगटावर साधं घड्याळ. कुठे घेतली, किती वाजता घेतली, कुठे दिली, किती वाजता दिली, एवढं ध्यानात ठेवायचं. मी वेशीतल्या मारुतीच्या ओट्यावर वही घेऊन बसायची आणि सगळ्या आल्या की एकेकीला विचारून लिहायची.

पहिले चाळीस दिवस वही बघून बरं वाटायचं. कुणाचे दहा सेकंद कमी झालेले, कुणाचे पाच वाढलेले. पाऊस झाला की सगळ्यांचेच वाढलेले. कुणाचं पोट दुखत असलं तर मी समासात बारीक लिहायची.

एकेचाळिसाव्या दिवशी तिसऱ्या क्रमांकाची भैरवी म्हणाली, "मी चिंचेपाशी दिली. सहा अठराला."

चिंच म्हणजे तिसऱ्या किलोमीटरच्या दगडाशेजारचं झाड. बरोबर होतं. चौथी शिवू.

"मी पुलापाशी घेतली," ती म्हणाली. "सहा एकोणीसला."

पूल म्हणजे ओढ्यावरची मोरी, चिंचेच्या पुढे. मी पेन्सिल थांबवली.

"चिंचेपाशी का पुलापाशी?"

"पुलापाशी गं. उभं राहून पाय आखडतात, म्हणून मी चालत चालत पुढं गेले होते."

"म्हणजे भैरवी, तू पुलापर्यंत पळालीस."

"नाही ताई. चिंचेपाशीच दिली मी. तिथंच वाकून श्वास घेतला. झाडाला हात लावून उभी होते."

"कुणाला दिलीस?"

"शिवूला."

"आणि तू कुणाकडून घेतलीस?"

"भैरवीकडून," शिवू म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसल्या. मी नाही हसले. सकाळच्या झोपेत पळता का, म्हणून दोघींना झापलं. भैरवी आमच्या शाळेतल्या लिपिकांची मुलगी; खोटं बोलायचं झालं तर तिला आधी ताप येतो. शिवूला तर मी ओळखतेच. घरी जाताना मी स्कूटी पुलापाशी थांबवली आणि चिंचेपर्यंतचं अंतर गाडीच्या काट्यावर आणि मग पावलांनी मोजलं. दोनशे चाळीस मीटर.

दोनशे चाळीस मीटर, एक मिनिट. काठी तिथून गेली होती, आणि वहीत ती कोणाच्याच हातात नव्हती.

३

दुसऱ्या दिवशी मी चिंचेपाशी रस्त्यावर चुन्याची जाड रेघ ओढून घेतली. सराव संपल्यावर दोघींना तळपाय दाखवायला सांगितले. भैरवीच्या टाचा पांढऱ्या होत्या. ती रेघेवर येऊन थांबली होती, यात शंका नाही. शिवूने काठी घेतली होती पुलाच्याही पुढे, तीनशे साठ मीटरवर. मध्ये दीड मिनिट.

त्यानंतर रोज ते अंतर वाढत गेलं. चारशेवीस, चारशेऐंशी. शिवूला मी बजावलं की चिंच सोडून हलायचं नाही. ती बरं म्हणायची आणि वेळ आली की पुढे चालू लागायची. "मला कळतच नाही ताई, पाय आपोआप पुढं जातात," एवढंच तिचं उत्तर.

मला वाटत होतं, घड्याळं खराब आहेत. बदलली. मला वाटलं, पोरी माझी गंमत करतायत. मग बसून भागाकार केला. दोनशे चाळीस भागिले साठ, चार. तीनशे साठ भागिले नव्वद, चार. चारशेऐंशी भागिले एकशेवीस, चार. सेकंदाला चार मीटर. बाकीच्यांचे आकडे रोज वरखाली होत होते, कारण त्या माणसं होत्या. त्या मधल्या तुकड्याचा वेग पावसातही तोच आणि कोरड्या रस्त्यावरही तोच. गंमत करणाऱ्या पोरींना एवढं नेमकं जमत नाही. त्या दिवशी मी शाळेत फळ्यावर तीनदा चुकले आणि मुलांनी एकमेकांना कोपर मारलं.

पुढे रविवार होता. अण्णा वही बघताना एकेक ओळीवर बोट ठेवतात. बोट त्या मोकळ्या जागेवर थांबलं असतं. इथं जोत कुणापाशी होती, बाई? मी काय सांगणार होते? सहा मुलींची दोन महिन्यांची मेहनत त्या एका ओळीत बुडाली असती.

शनिवारी संध्याकाळी मी त्या सगळ्या मोकळ्या जागा भरल्या. चिंचेपासून पुढचं सगळं अंतर शिवांजलीच्या नावावर लिहिलं. शिवांजली, एक हजार मीटर, पूर्ण. नाव लिहायला दुसरी कुणी का नाही? कारण घरची होती, विचारायची गरज वाटली नाही. बेरीज जुळवण्यासाठी आकडा घुसडला तर मी मुलांचे गुण कापते. हे मी स्वतः केलं, आणि अक्षरही छान काढलं.

अण्णांचं बोट शिवूच्या ओळीवर थांबलं, पण कौतुकानं.

"तुमची भैन लई सुधारली की. साडेसहावरनं पाच-वीसवर आली." त्यांनी चष्मा काढला. "पटलं मला. पोरीच आणतील जोत. आन शेवटचा टप्पा हिलाच द्या. वेशीत हीच येऊ द्या."

घरी येऊन सांगितलं तेव्हा शिवूने मला मिठी मारली. "ताई, मी खरंच एवढी पळते?"

"पळतेस," मी म्हणाले.

४

संध्याकाळी मुली आमच्या अंगणात कोमट पाण्यात पाय सोडून बसायच्या. अनवाणी पळून सगळ्यांच्या टाचा भेगाळल्या होत्या, बोटांना खडे लागले होते. मी सुईने काटे काढायची. अण्णांनी वही बघितल्यावर आठवड्याने शिवूचा पाय हातात घेतला आणि तसाच धरून राहिले. तळवा मऊ होता. एक चीर नाही, एक काटा नाही. महिनाभर गादीवर बसलेल्या माणसाचा तळवा.

"तुला दुखत नाही?"

"नाही. घामसुद्धा येत नाही बघ हल्ली." तिचा आवाज हलका झाला. "खरं सांगू? मला पळायलाच लागत नाही. काठी हातात येते आणि दहा पावलांत पुढचीला द्यायची वेळ होते. मी आपली चालत असते."

मी भैरवीला बाजूला घेतलं. "काठी देताना तू शिवूचं तोंड बघतेस का?"

"तोंड कशाला बघू, ताई? देणाऱ्यानं घेणाऱ्याचा हात बघायचा आणि घेणाऱ्यानं रस्ता. तुम्हीच शिकवलंत."

मीच शिकवलं होतं. काठी पडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी पुलापाशी गेले. तिथे धुरपदाबाई शेळ्या राखतात. सकाळी उजाडायच्या आत त्यांची शेरडं बांधावर असतात, त्यामुळे रस्ता त्यांच्याइतका कोणी बघत नाही. मी इकडचं तिकडचं बोलले, मग विचारलं, पोरी पळतात त्या दिसतात का?

"दिसत्यात की. बाकीच्या दमत्यात, पर ती एक लई बेस पळती. पायाचा आवाज म्हून येत न्हाय."

"कोणती?"

"आता कोणती म्हंजे? तुमची भैन." त्यांनी एका करडाला काठीने वळवलं. "आधी म्या म्हनलं, ही कुठली नवी पोरगी? तोंडच वळकू येत न्हवतं. रोज बघायची म्या, पर ध्यानातच ऱ्हात न्हवतं. ह्या आठ-धा रोजात वळकू याया लागली. तुमची शिवांजली हाय ती."

"आणि पुढे उभी असते ती?"

"ती बी तीच," धुरपदाबाई म्हणाल्या, आणि मग त्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनाही ते तेव्हाच कळलं असावं. शेळ्या हाकत त्या बांधावरून निघून गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कुरण बदललं.

मी तिथेच उभी राहून दिवस मोजले. वहीत मी नाव लिहिलं त्याला नऊ दिवस झाले होते.

५

मी ठरवलं, डोळ्यांनी बघायचं. पुढच्या सकाळी ओट्यावर न बसता मी शिवूबरोबर चिंचेपाशी उतरले आणि तिचं डावं मनगट घट्ट धरलं. "आज पुढे जायचं नाही. इथेच घ्यायची."

"बरं," ती म्हणाली. तिचा हात गार होता.

दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडलेलं, रस्ता सरळ, उजेड चांगला. लांबून भैरवी दिसली. तिचे पाय डांबरावर आपटल्याचा आवाज येऊ लागला. शिवूने उजवा हात मागे केला, तळवा उघडा. मी तिच्या डाव्या बाजूला. भैरवी वीस पावलांवर, दहा, पाच. तिने काठी पुढे केली.

आणि मी घड्याळाकडे पाहिलं. दोन महिन्यांची सवय. सहा अठरा आणि चार सेकंद. एवढं वाचायला जितका वेळ लागतो तितकाच.

मान वर केली तेव्हा भैरवी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. "दिली," ती म्हणाली.

शिवू माझ्याशेजारी होती. मनगट माझ्या मुठीत होतं. तिचा उजवा हात तसाच मागे होता, रिकामा. आमच्या पुढे रस्त्यावर, पन्नास पावलांवर, कोणीतरी काठी घेऊन पळत होतं. पाठ दिसत होती. काळी वेणी पाठीवर डावीउजवीकडे आपटत होती. आवाज नव्हता. मला हाक मारायची होती, पण कोणत्या नावाने मारायची ते सुचेना. ती पुलावरून गेली आणि वळणाआड झाली.

"ताई," शिवू म्हणाली, "ती वेणी तू मला घालतेस तशी होती."

वेशीत पाचवी मुलगी खुशीत होती. शिवूने आज वेळेच्या आधीच काठी दिली म्हणे. एक हजार मीटर, चार मिनिटं दहा सेकंद. मी भागाकार केला नाही.

६

त्या दुपारी मी शिवूला सगळं सांगितलं. वहीत तिचं नाव कसं लिहिलं, का लिहिलं. ती रागावेल असं वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. ती बराच वेळ स्वतःचे तळवे बघत बसली.

"म्हणजे मी पळत नव्हतेच," ती म्हणाली. तिला पहिलं दुःख त्याचं झालं.

मी वही उघडून तिचं नाव सगळीकडून खोडलं. एकावर एक चार रेघा. खोडलं तरी खालचं नाव वाचता येत होतं. पान फाडलं असतं तर रविवारी अण्णांना दिसलं असतं. ज्योतीला पाच दिवस उरले होते. सगळंच रद्द करावं असं मनात आलं, पण बाकीच्या पाचजणींनी काय केलं होतं? त्यांची मेहनत खरी होती, त्यांच्या टाचा मी बघितल्या होत्या.

"तू येऊ नकोस," मी म्हणाले. "पाचजणी आणतील. तू नसलीस तर ती कोणाच्या जागी पळेल?"

शिवू म्हणाली, "मला घरात ठेव आणि बाहेरून कुलूप लाव. माझा माझ्यावर भरवसा नाही. पाय आपोआप जातात."

आईला हे सांगण्यासारखं नव्हतं. तिने अंगारा लावून दोघींना झोपवलं असतं आणि सकाळी शिवूला ज्योतीला पाठवलं असतं. म्हणून मी आईला सांगितलं, शिवू आमच्याबरोबर आहे. मुलींना सांगितलं, शिवूला ताप आहे. दोन थापा मी अशा मारल्या की एकीचा दुसरीशी संबंध येऊ नये. घटस्थापनेच्या सकाळी आई सातलाच नैवेद्याच्या स्वयंपाकाला देवळात गेली. नऊला मी शिवूला डबा, पाणी, फोन देऊन कुलूप घातलं. किल्ली पोलक्यात ठेवली.

"दर तासाला फोन कर," ती आतून म्हणाली.

७

बाराला तुळजापुरात ज्योत पेटली. संबळ, कुंकवाचा चिखल, गावोगावच्या मशाली, सगळ्यांच्या तोंडी उदो उदो. माझ्या पाचजणी निघाल्या. मी टेंपोत पुढे बसून मान मागे वळवून प्रत्येक देणंघेणं डोळ्यांनी पाहिलं. घड्याळ मी पर्समध्ये टाकलं होतं. देताना पुढचीचं नाव घ्यायचं आणि तिने होकार द्यायचा, असा नवा नियम केला होता.

टप्पा एक ते दहा, जुळलं. नळदुर्गपाशी उन्हाने डांबर तापलं होतं, एकीचा अंगठा फुटला, तरी जुळलं. मी शिवूला फोन केला. "घरीच आहे," ती म्हणाली. दर तासाला तेच म्हणाली. फक्त शेवटी म्हणाली, "तुझा आवाज बारीक येतोय गं." तिचाही बारीक येत होता. फाट्याला मोबाइलचं नेहमीचंच आहे म्हणून मी मनाला समजावलं.

मग आमचा सरावाचा रस्ता आला. चिंच गेली. जिचं नाव घेतलं तिलाच मशाल दिली गेली. पूल गेला. एकेचाळीस टप्पे झाले, एकेचाळीस ओळी भरल्या, मध्ये बोटभरही जागा मोकळी नाही. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

शेवटचा किलोमीटर भैरवीला. तेवढ्यात अण्णा मोटारसायकलवर आडवे आले. "बाई, टेंपो म्होरं घ्या. वेशीत गर्दी झालीय, वाट करायची हाय." टेंपो पुढे गेला. पाच-सहा मिनिटांचाच प्रश्न होता.

वेशीत सगळं गाव उभं होतं. आई कळशी घेऊन पुढे. संबळ वाढला, लोक ओरडू लागले, आणि वळणावरून मशाल आली. मशाल शिवूच्या हातात होती.

ती घामाने निथळत होती. पायांना धूळ, डाव्या अंगठ्यातून रक्त. तिला इतकी दमलेली मी कधीच पाहिली नव्हती. अण्णांनी तिच्या हातून ज्योत घेतली. आईने तिच्या पायांवर पाणी घातलं, पदराने पाय पुसले आणि कपाळाला कुंकू लावलं. गाव तिच्या नावाने ओरडत होतं.

मागून भैरवी चालत आली. "ताई, तुम्ही म्हणाला होतात तिला ताप आहे. वळणावर उभी होती. हात पुढं केला. मी शिवू म्हणाले, ती व्हय म्हणाली."

मी घरी शिवूला फोन लावला. आई अजून शिवूचे पाय पुसत होती. मशाल घेऊन आलेलीच्या हातात फोन नव्हता. रिंग गेली. उचलला.

"हां ताई," शिवू म्हणाली. "आली का जोत? इथपर्यंत संबळ ऐकू येतोय."

८

मी घराकडे पळाले. आयुष्यात कधी पळाले नव्हते. कुलूप जागेवर होतं. मी दाराला कान लावला.

"शिवू."

"आहे ताई." फार हळू. "कुणी आणली जोत?"

मी कुलूप मुठीत धरलं.

"कळलं," ती म्हणाली. "आता ती घरी येईल ना? आई आणेल तिला. ताई, ती दारात असताना दार उघडू नकोस. ती गेली की उघड. कितीही वेळ लागू दे, मी बसते."

"नाही उघडणार."

"शपथ घे."

"तुझी शपथ," मी म्हणाले.

गल्लीतून आवाज आले. आई, शेजारच्या बायका, आणि आईच्या खांद्यावर हात टाकून लंगडत येणारी ती. आई खुशीत होती. "कुलूप कशापायी घातलंय गं? उघड, पोरीला बसू दे."

"किल्ली सापडत नाही," मी म्हणाले.

"नीट बघ की."

मी दाराला पाठ लावून उभी राहिले. बायका हसत होत्या, बाईंचा हिशेब आज चुकला म्हणत होत्या. आईच्या खांद्याला टेकलेल्या तिने वर पाहिलं. मी त्या तोंडात काहीतरी चुकलेलं शोधत होते. भुवईवरची खूण, ओठाचा कोपरा, कानातलं. सगळं बरोबर होतं. तिचे ओठ सुकले होते. पाय थरथरत होते, आणि अंगठ्याचं रक्त पायरीवर लागत होतं.

"ताई," ती म्हणाली, "लई पाय दुखत्यात गं. मला आत घे ना."

बेचाळीस किलोमीटर असो नाहीतर एक, पळालेली तीच होती. इतके दिवस चिंचेपासून पुढे तीच पळत होती, आणि मी कधी तिच्या पायातला काटा काढला नव्हता. मला तिची दया आली. दुसरं काही नाही, दयाच आली. मी पोलक्यातून किल्ली काढली.

आत कोणी नव्हतं. खाटेवर डबा होता, अर्धा खाल्लेला. फोन होता. चादर बसल्याजागी दबलेली होती. मी तिथे हात ठेवला.

"माळवदावरनं उतरले," ती मागून आईला सांगत होती. "ताईनं ताप आहे म्हणून कोंडून घातलं होतं. मला ऱ्हावलंच न्हाय." बायका पुन्हा हसल्या. आईने मला दोन शब्द सुनावले. माळवदावर, घराच्या सपाट छतावर, जायला आमच्याकडे जिना आहे, आणि शेजारची भिंत बुटकी आहे. ते होऊ शकतं. माझ्या फोनमध्ये चार वाजून बत्तीस मिनिटांचा, चाळीस सेकंदांचा कॉल आहे. तेव्हा तिचे पाय आईच्या हातात होते. एवढं एक सोडलं तर सगळं जुळतं.

९

वही अण्णांनी मंडळाच्या कपाटात ठेवली. पुढच्या वर्षीही पोरीच आणतील म्हणाले.

ती आता घरी असते. रोज सकाळी उठून पळायला जाते, पोलीस भरतीचा अर्ज भरलाय. आईला हातभार लावते, माझ्याशी गोड बोलते. मी तिची वेणी घालते. कधी कधी सगळे बाहेर गेले की मी त्या खोलीत जाऊन दार लावून घेते आणि शिवू म्हणून हाक मारते, हळू, कुणाला ऐकू जाणार नाही अशी. मग बराच वेळ ऐकत राहते. शपथ मोडल्याबद्दल माफी मागायची आहे.

काल आम्ही तिघी जेवायला बसलो होतो. तिने चौथी भाकरी मागितली. "बघ, कशी पोटभर जेवतीया," आई मला म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं तिला बरं वाटलं होतं. मी भाकरी वाढली, वर तूप घातलं. मला माझी बहीण हवी आहे, आणि ती माझ्यासमोर बसून जेवते आहे. हे मी कुणापाशी रडू?